सैनिक शाळेच्या प्रवेशासाठी निवासी अकादमी: शिकवणी घ्यावी, वसतिगृह घेऊ नये

पुण्याच्या दक्षिणेला, कात्रजच्या बोगद्यापलीकडे असलेल्या एका निवासी सैनिकी अकादमीत आमची मुलगी जून २०२४ पासून दिवाळीपर्यंत राहिली आणि दिवाळीनंतर परीक्षेपर्यंत त्याच संस्थेच्या स्वारगेटजवळच्या शाखेत दिवसाच्या तुकडीला जात होती. एकाच संस्थेची ही दोन्ही रूपे एकाच मुलीच्या निमित्ताने जवळून पाहायला मिळाली, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे. संस्थेचे नाव देत नाही, कारण पैशांच्या परताव्याचा आमचा विषय अजून मिटलेला नाही. गुणच द्यायचे झाले तर तिथल्या शिकवणीला मी पाचपैकी साडेचार देईन आणि वसतिगृहाला दीड. या दोन्हींची सरासरी काढून 'संस्था बरी आहे' असे म्हणणे मात्र दिशाभूल करणारे ठरेल, कारण फसगत नेमकी या दोन गोष्टी एकत्र विकल्या जाण्यातच आहे.

आधी परीक्षेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण ती नीट समजून घेतली असती तर आमचे निम्मे पैसे वाचले असते. सैनिक शाळांच्या सहावीच्या प्रवेशासाठी राष्ट्रीय चाचणी संस्था अखिल भारतीय स्तरावर एकच लेखी परीक्षा घेते. प्रवेशाच्या वर्षी ३१ मार्च रोजी मुलाचे वय १० ते १२ वर्षांच्या दरम्यान असावे लागते. एकूण १२५ प्रश्न, ३०० गुण आणि १५० मिनिटे. त्यांपैकी गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी तीन गुणांचे, म्हणजे निम्मी परीक्षा एकट्या गणिताची. भाषा, बुद्धिमत्ता आणि सामान्य ज्ञान यांचे प्रत्येकी २५ प्रश्न दोन-दोन गुणांचे. उत्तर चुकले तर गुण वजा होत नाहीत. प्रत्येक विभागात किमान २५ टक्के आणि एकूण किमान ४० टक्के ही पात्रतेची अट असली, तरी प्रत्यक्ष प्रवेश गुणवत्ता यादीवरच ठरत असल्याने या किमान आकड्यांवर कोणीही विसंबून राहू नये. सहावीची प्रश्नपत्रिका मराठीतून सोडवता येते. या परीक्षेत मुलाखत नाही. शारीरिक क्षमतेची चाचणीही नाही. निवड झाल्यानंतर फक्त वैद्यकीय तपासणी होते. शेवटची तीन वाक्ये वाचकांनी लक्षात ठेवावीत, त्यांच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आम्ही धनकवडीला राहतो. अकादमीच्या वसतिगृहापासून आमचे घर दुचाकीने अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. तरीही मुलीला निवासी ठेवण्याचा निर्णय आम्ही का घेतला, हा प्रश्न माझ्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारला होता आणि त्याचे उत्तर आमच्याकडे तयार होते, कारण ते आम्हाला अकादमीच्या कार्यालयातच मिळाले होते. 'जिला पुढे सात वर्षे सैनिक शाळेत राहायचे आहे, तिला आतापासून सवय नको का?' असे तेथील समुपदेशक मॅडमनी विचारले आणि आम्ही दोघांनीही मान डोलावली. 'सवय' हा शब्द त्यांनी त्या अर्ध्या तासात किमान दहा वेळा वापरला असेल. प्रवेशद्वारापाशी निवड झालेल्या मुलांच्या छायाचित्रांचा मोठा फलक होता, रंगवलेला रणगाडा होता आणि लष्करी नक्षीच्या गणवेशात ओळीने उभी असलेली मुले होती. एका पालकाला हुरळून जाण्यासाठी याहून अधिक काही लागत नाही, हे मी माझ्यावरून सांगते.

त्या फलकाविषयी एक गोष्ट पुढे कळली. देशात संरक्षण मंत्रालयाच्या सैनिक शाळा सोसायटीने स्वतः चालवलेल्या ३३ जुन्या शाळा आहेत. महाराष्ट्रात त्यांपैकी दोन, २३ जून १९६१ रोजी सुरू झालेली आणि देशातील पहिली असलेली साताऱ्याची शाळा व २०१९ मध्ये सुरू झालेली चंद्रपूरची. याखेरीज २०२१ मध्ये केंद्र सरकारने खासगी संस्था, विश्वस्त संस्था आणि राज्य सरकारे यांच्या भागीदारीत १०० नव्या सैनिक शाळांची योजना मंजूर केली. या नव्या शाळांत किमान ४० टक्के जागा अखिल भारतीय गुणवत्ता यादीतून भरल्या जातात आणि उरलेल्या जागा त्याच शाळेत आधीपासून शिकत असलेल्या व परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या मुलांसाठी ठेवता येतात. या शाळा वाईट आहेत असे मला अजिबात म्हणायचे नाही. पण त्यांचे शुल्क, सोयी आणि स्पर्धा सारखी नाही. फलकावर मात्र सगळी छायाचित्रे एकाच शीर्षकाखाली होती. आपल्या मुलासाठी अकादमी पाहायला जाल तेव्हा 'किती निवडी झाल्या' एवढेच न विचारता 'कोणत्या शाळेत, कोणत्या प्रवर्गातून आणि कोणत्या जागेवर' असे विचारावे. आम्ही तसे विचारले नाही.

आता शिकवणीविषयी, कारण साडेचार गुण मी उगाच दिलेले नाहीत.

गणित शिकवणारे सर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले आहेत आणि आयुष्यभर शिष्यवृत्ती परीक्षेची मुले तयार करण्यात त्यांचा हात बसलेला आहे. राज्य मंडळाच्या मराठी माध्यमातून पाचवीत असलेल्या मुलीसमोर या परीक्षेत दोन अडचणी एकदम उभ्या राहतात. पहिली अशी की, नफा-तोटा आणि सरळव्याज यांसारखे जे घटक आपल्या पाठ्यपुस्तकात सहावीत येतात, ते या परीक्षेच्या अभ्यासक्रमात पाचवीच्या मुलालाच अपेक्षित असतात. दुसरी अशी की, परीक्षा मराठीतून देता आली तरी पुढची शाळा केंद्रीय मंडळाची आणि इंग्रजी माध्यमाची असते. म्हणजे एप्रिलमध्ये लसावि आणि मसावि काढणाऱ्या मुलीला पावसाळ्यात तेच शब्द इंग्रजीतून ओळखावे लागतात. सरांनी यावर काढलेला उपाय साधा होता. फळ्यावर प्रत्येक संज्ञा ते दोन्ही भाषांत शेजारी-शेजारी लिहीत आणि मुलांच्या वहीच्या शेवटच्या आठ पानांवर अशा शब्दांचा तक्ता त्यांनी वर्षभर वाढवत नेला. ही वही आमच्या घरात पुढे 'सरांची वही' म्हणूनच ओळखली जाऊ लागली.

त्यांची वेळेची मांडणीही इतकी काटेकोर होती की ती मी येथे लिहून ठेवते. भाषा, बुद्धिमत्ता आणि सामान्य ज्ञान मिळून ७५ प्रश्न होतात. ते पहिल्या ५० मिनिटांत, म्हणजे प्रत्येकी ४० सेकंदांत संपवायचे. उरलेली १०० मिनिटे गणिताच्या ५० प्रश्नांना, म्हणजे प्रत्येकी दोन मिनिटे. दोन मिनिटांत जे सुटत नाही त्याच्या क्रमांकाला प्रश्नपत्रिकेत खूण करून पुढे जायचे, आणि शेवटच्या पाच मिनिटांत एकही वर्तुळ कोरे न ठेवता उत्तरपत्रिका भरून टाकायची. गणिताला आधी हात घालणारी हुशार मुले काळ-काम-वेगाच्या एखाद्या उदाहरणाशी झटापट करत बसतात आणि ज्या प्रश्नांचे गुण नुसते वाचून मिळाले असते ते त्यांच्या हातून जातात, असे सरांचे म्हणणे होते. हे त्यांनी आम्हा पालकांना एका रविवारी फळ्यावर उदाहरणे सोडवून दाखवून पटवले. सभेला आलेल्या पालकांपैकी एका सद्गृहस्थांनी स्वतःच दोन मिनिटांत टाक्या भरण्याचे उदाहरण सोडवायचा प्रयत्न केला आणि ते साडेचार मिनिटांनी खाली बसले.

उत्तरपत्रिकेतील वर्तुळ पेनने भरण्याचा सराव, नावाच्या आणि क्रमांकाच्या रकान्यांतील चुका टाळण्याचा सराव, या गोष्टी दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत गौण नसतात. आमच्या मुलीने पहिल्या सराव चाचणीत ११ व्या प्रश्नापासून सगळी उत्तरे एक ओळ खाली भरली होती. डिसेंबरपर्यंत तिच्या हातून असे एकदाही झाले नाही. बुद्धिमत्तेचे वर्ग चांगले होते. सामान्य ज्ञान मात्र केवळ घोकंपट्टीचे. अप्पा बळवंत चौकात दोनशे रुपयांना मिळणाऱ्या पुस्तकात जे असते त्यापलीकडे तिथे काही नव्हते.

वसतिगृहाविषयी लिहिताना मला जरा सावध राहायला हवे, कारण तिथे कोणी क्रूर नव्हते. रेक्टर बाई तरुण आणि प्रेमळ होत्या, आजारी मुलीच्या उशाशी रात्रभर बसत. जेवण चांगले म्हणावे असे होते: सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी रोज एक उसळ, रविवारी पावभाजी. दूध पातळ असे. बावीस मुलींना चार न्हाणीघरे ही गैरसोय होती, पण दिवस निभावता येत असे. सुरक्षेची व्यवस्था चोख होती. तक्रार या कशाचीच नाही.

तक्रार दिवसाच्या रचनेची आहे. पहाटे सव्वापाचला शिट्टी, साडेपाचला मैदानावर कवायत, धावणे आणि अडथळे पार करण्याचा सराव. आठवड्यातून दोनदा मुलाखतीची तयारी, ज्यात पाचवीच्या मुलांना टेबलासमोर उभे करून 'तुला सैन्यात का जायचे आहे' याचे उत्तर पाठ करून घेतले जाई. ज्या परीक्षेत मुलाखत नाही आणि मैदानी चाचणीही नाही, त्या परीक्षेसाठी हे चालले होते. मी हे विचारले तेव्हा अकादमीत डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारी मुलेही आहेत, असे उत्तर मिळाले. ते खरे होते. त्या परीक्षेत इंग्रजीचे १२५, गणिताचे २०० आणि सामान्य ज्ञानाचे ७५ गुण झाल्यावर ५० गुणांची तोंडी परीक्षा असते. पण तो प्रवेश आठवीचा असतो, मुलाचे वय साडेअकरा ते तेराच्या दरम्यान असावे लागते आणि आमच्या मुलीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. कवायतीचा परिणाम असा की दुपारी दोनच्या तासाला निम्मी मुले पेंगत. लष्करी नक्षीचा गणवेश वेगळ्या २,६०० रुपयांचा होता. तो आता तिच्या धाकट्या भावाच्या वेशभूषा स्पर्धेच्या कामी आला आहे.

दर शनिवारी चाचणी, रविवारी सकाळी भोजनगृहाच्या दारावर क्रमवारी, आणि त्या क्रमवारीनुसार 'अ', 'ब', 'क' अशा तुकड्या. ऑगस्टनंतर वसतिगृहात गणिताचे सर फक्त 'अ' तुकडीला शिकवू लागले. ही गोष्ट माहितीपत्रकात कुठेही लिहिलेली नव्हती. स्वारगेटच्या शाखेत जागा कमी असल्यामुळे सगळ्यांची एकच तुकडी होती आणि तिथे तेच सर आठवड्यातून चार दिवस सर्वांना शिकवत. म्हणजे पावणेतीनपट पैसे भरलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांना संस्थेचे सर्वांत उत्तम शिक्षक मिळत नव्हते आणि कमी पैसे भरून बसने येणाऱ्या मुलांना ते मिळत होते. आमची मुलगी सप्टेंबरमध्ये 'ब' तुकडीत गेली. भेटीच्या रविवारी ती दाराकडे पाठ करून बसली होती.

आणखी एक बाब बहुतेक पालक शेवटपर्यंत मनावर घेत नाहीत. मूल निवासी अकादमीत गेले की त्याच्या नेहमीच्या शाळेतून दाखला काढून अकादमीने सांगितलेल्या जवळच्या एका शाळेत नाव घालावे लागते. त्या शाळेत मुलीने महिन्यातून फार तर चार दिवस पाऊल ठेवले असेल. वर्षाच्या मध्यात मूल परत आणायचे ठरले तर जुनी शाळा ते परत घेईलच असे नाही. आमच्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी एक शब्दही न बोलता तिला परत घेतले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. मात्र एका परभणीच्या मुलीच्या पालकांना तिला परत नेण्याची इच्छा असूनही केवळ याच कारणामुळे थांबावे लागले.

दिवाळीला ती पाच दिवस घरी आली. पहिल्या पहाटे सव्वापाचला उठून, वेणी घालून, पलंगाच्या कडेवर बसून राहिली. शिट्टी वाजत नाही हे तिला कळत होते, पण पुढे काय करायचे ते कळत नव्हते. सोसायटीतली मुले किल्ल्यासाठी माती कालवत होती. दरवर्षी बुरुज तिचा असे. ती बाजूला उभी राहिली आणि तिच्या भावाने 'ताई, आज चाचणी नाहीये' असे म्हटल्यावर मगच चिखलात हात घातला. त्या संध्याकाळी सासूबाईंनी तिची बॅग उघडली. तिच्यातले सगळे कपडे धोब्याकडून आलेल्या घड्यांत होते आणि स्वतःचे मोजे धुवायला तिने पाच महिन्यांत एकदाही हात लावला नव्हता, कारण अकादमीत मुलांचा वेळ वाया जाऊ नये म्हणून कपडे, अंथरुणे आणि ताटे हे सगळे मावशी पाहत. ज्या 'सवयी'साठी आम्ही तिला तिथे ठेवले होते, ती सवय लावायला तिथे कोणालाच सवड नव्हती. एकटीने राहणे म्हणजे स्वतःचे स्वतः पाहणे. तिथे तिला फक्त शिट्टीवर हलणे शिकवले गेले होते.

आम्ही तिला परत पाठवले नाही.

आता पैशांचा हिशेब. सर्व रकमा करासह आहेत. एकूण १,६५,००० रुपयांपैकी पावतीवर शिक्षणाचे ६०,००० आणि निवास-भोजनाचे जून ते जानेवारी या आठ महिन्यांचे १,०५,००० असे स्वतंत्र लिहिलेले होते. दिवसाच्या तुकडीचे शुल्कही ६०,००० च होते, त्यामुळे शिकवणीपुरता प्रश्न नव्हता. निवासाचे महिन्याला १३,१२५ याप्रमाणे उरलेल्या तीन महिन्यांचे ३९,३७५ रुपये परत मिळावेत असा आमचा अर्ज होता. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी वर्गांच्या नियमनासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली, त्यांत विद्यार्थी मध्येच सोडून गेल्यास उरलेल्या काळाचे शुल्क, वसतिगृह आणि खानावळीच्या शुल्कासह, दहा दिवसांच्या आत परत करावे असे म्हटले आहे. मी ती प्रत घेऊन कार्यालयात गेले. 'आम्ही शिकवणी वर्ग नाही, आम्ही निवासी संस्कार अकादमी आहोत' असे उत्तर मिळाले. त्याच तत्त्वांत १६ वर्षांखालील मुलांना शिकवणी वर्गात प्रवेश देऊ नये असेही लिहिलेले आहे, त्यामुळे नाव बदलून घेण्याचे कारण समजण्यासारखे आहे. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर दहा वर्षांच्या मुलीला तिथे घेऊन जाणारे आम्हीही त्या पळवाटेचे भागीदार होतोच. फेब्रुवारीत 'सदिच्छा म्हणून' १५,००० रुपये मिळाले. उरलेले २४,३७५ रुपये अजून यायचे आहेत.

दुसरा वाद परीक्षेच्या तारखेवरून झाला. आदल्या वर्षी ही परीक्षा जानेवारीत झाली होती आणि संस्थेने सगळे वेळापत्रक त्याच हिशेबाने आखले होते. डिसेंबरच्या शेवटी अधिसूचना आली आणि नंतर परीक्षा ५ एप्रिल २०२५ रोजी ठरली. यात संस्थेचा काहीच दोष नव्हता. परंतु लगेच निवासी मुलांकडून वाढीव काळासाठी ३८,००० आणि दिवसाच्या तुकडीकडून ९,००० रुपये मागण्यात आले. आमच्या पावतीवर शिक्षण शुल्कापुढे 'परीक्षेपर्यंत' असा शब्द छापलेला होता. तो दाखवल्यावर संस्थेने आमच्याकडची मागणी सोडून दिली. मध्यावर शुल्क वाढवू नये असेही त्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. सोलापूर, बीड, परभणी इथून आलेल्या मुलांच्या पालकांनी मात्र पैसे भरले, कारण मूल आत आणि आपण तीनशे किलोमीटरवर, अशा स्थितीत कोणी पावतीवरचा शब्द दाखवत नाही. ही पावती नीट वाचा आणि जपून ठेवा.

कागदपत्रांबाबत संस्थेची मदत जवळजवळ शून्य होती. जुन्या सैनिक शाळांतील ६७ टक्के जागा त्या-त्या राज्याच्या रहिवाशांसाठी असतात, त्यामुळे अधिवासाचा दाखला हा प्रवेशाचा कणा आहे आणि तो निकाल लागल्यानंतर काढायला गेलात तर धावपळ होते. इतर मागास प्रवर्गातील पालकांनी केंद्राच्या नमुन्यातील नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र वेगळे काढावे लागते हे आधीच लक्षात घ्यावे. आमच्या तुकडीतील एका मुलाच्या वडिलांकडे राज्याच्या नमुन्यातील प्रमाणपत्र होते आणि ऐन वेळी त्यांना तहसील कार्यालयात तीन खेपा घालाव्या लागल्या. मुलींसाठी १० टक्के किंवा किमान १० जागा, यांपैकी जे अधिक असेल ते, असे सूत्र आहे. मुली सगळ्याच सैनिक शाळांत २०२१-२२ पासून येऊ लागल्या असल्या तरी जागा मोजक्याच आहेत, हे मुलीच्या पालकांनी ओळखून असावे. ऑनलाइन समुपदेशनात, म्हणजे निकालानंतरच्या जागावाटपात, शाळांचा पसंतीक्रम भरावा लागतो. तो भरताना आम्ही अकादमीचा सल्ला मागितला, तेव्हा त्यांनी स्वतःच्या ओळखीच्या एका नव्या शाळेला वरचे स्थान देण्याचा आग्रह धरला. आम्ही तो मानला नाही.

निकाल मे महिन्यात लागला. मुलीला गणितात १५० पैकी १२९ गुण मिळाले. पन्नासपैकी सात प्रश्न चुकले. त्याच महिन्याच्या ३० तारखेला खडकवासल्याच्या एनडीएतून १७ महिला छात्रांची पहिली तुकडी उत्तीर्ण होऊन बाहेर पडली आणि वर्तमानपत्रातले ते छायाचित्र सासूबाईंनीच कापून तिच्या टेबलापाशी चिकटवले, ज्यांचा या सगळ्या प्रकाराला सुरुवातीपासून विरोध होता. समुपदेशनाच्या दुसऱ्या फेरीत महाराष्ट्रातील दोन जुन्या सैनिक शाळांपैकी एका शाळेत तिला जागा मिळाली. पंधरवड्यात अकादमीच्या फलकावर तिचे छायाचित्र लागले, लष्करी नक्षीच्या गणवेशातले, आणि खाली 'निवासी तुकडी' असे लिहिलेले. ते बदलावे म्हणून मी दोनदा फोन केला आहे.

आता ती शाळेत आहे, त्यामुळे वसतिगृहाची सवय लावणे या दाव्याची परीक्षाही झालेली आहे. तिथेही पहाटे शिट्टी असते, कवायत असते, संध्याकाळी खेळ आणि रात्री सक्तीचा अभ्यासाचा तास असतो. या बाबतीत तिला नवे काही वाटले नाही, पण अकादमीत कधीच न राहिलेल्या तिच्या खोलीतल्या मुलींनाही आठवडाभरात ते सरावाचे झाले असे तिने सांगितले. अवघड गेल्या त्या वेगळ्याच गोष्टी. बूट पॉलिश करून वेळेत रांगेत उभे राहणे, कपड्यांवर स्वतःचा क्रमांक शिवणे, मच्छरदाणीची टोके गादीखाली नीट खोवणे, हरवलेला मोजा शोधणे, आपली बादली दुसरीने नेली तर न रडता ती परत मागणे, आणि ठरलेल्या दिवशी मिळणाऱ्या थोड्याशा फोनमध्ये काय सांगायचे ते आधी ठरवून ठेवणे. यातले जे तिला येत होते ते नोव्हेंबर ते जून या काळात सासूबाईंनी शिकवलेले होते. दुपारी स्वारगेटहून पीएमपीच्या बसने घरी आल्यावर ती आजीबरोबर मोजे धुवायची आणि दर रविवारी घरातल्या सगळ्यांचे बूट पुसायची. याला एक रुपयाही लागला नाही.

पुण्यात राहणाऱ्या पालकांनी स्वारगेटच्या शाखेत दिवसाची तुकडी घ्यावी आणि जून महिन्यातच घ्यावी, कारण सरांच्या तासाला जागा चाळीसच असतात. बाहेरगावच्या पालकांना निवासी तुकडीशिवाय पर्याय नसेल, तर त्यांनी प्रवेशाआधी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: गणिताचे सर सर्व तुकड्यांना शिकवतील का, शुल्क तारखेपर्यंत आहे की परीक्षेपर्यंत, आणि मूल मध्येच नेल्यास निवासाचे किती पैसे परत मिळतील. गणवेश आणि मुलाखत वर्ग नको असल्याचे सांगून ती रक्कम वजा करून घेता येते. आमच्या नंतरच्या एका कुटुंबाने तसे करून घेतले आहे.

येत्या भेटीच्या रविवारी न्यायच्या वस्तूंची यादी तिने फोनवर सांगितली. काळ्या पॉलिशची डबी, पांढरा दोरा, दोन सुया, आजीचे शेंगदाण्याचे लाडू, आणि सरांची वही. वही कशाला, असे मी विचारले, तर तिच्या खोलीतल्या दोघी मराठी माध्यमातून आलेल्या आहेत आणि त्यांना शेवटची आठ पाने उतरवून घ्यायची आहेत.